गळतंय म्हणून सांगितलं

तातोबा मिस्त्रींनी मोरीच्या भोकात फडक्याचा बोळा कोंबला, वरून मातीचा गोळा थापला आणि नळ सोडला. नव्या फरशीवर पाणी पसरत गेलं. उंबऱ्याला टेकायला दोन बोटं उरली तेव्हा त्यांनी नळ बंद केला, कानामागची पेन्सिल काढली आणि पाण्याच्या कडेला भिंतीवर एक रेघ मारली.

"तीन दिस हितं कुणी पाय ठेवायचा न्हाई," ते म्हणाले. "अंघोळी खालच्या न्हाणीत करा. चौथ्या दिशी सकाळी येतो आन् बघतो, पाणी रेघेवर हाय का खाली उतरलंय."

"आणि उतरलं असेल तर?" मी विचारलं.

"तर फोडायचं आन् परत करायचं. त्याला काय!" मग जरा थांबून, घमेलं धुणाऱ्या बायकोकडे बघत म्हणाले, "आजवर तशी येळ आली न्हाई बाई."

सोळा-सतरा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा कराडला हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत होते. आमचे हे पाटबंधारे खात्यात, त्यांची बदली नांदेडला. घरात मी आणि मुलगी तेजश्री, आणि वरच्या मजल्यावरचं एक बाथरूम, ज्याचं पाणी बरोबर जेवणाच्या टेबलावर यायचं. पानावर बसलं की आधी वर बघायचं आणि मग आमटी वाढून घ्यायची, अशी आमची रीत पडली होती.

दुरुस्तीला माणसं आणली नाहीत असं नाही. पहिला आला तो फटींत पांढरं सिमेंट फासून गेला. ते आठ दिवसांत निघालं. दुसरा अर्धी फरशी उखडून चुलत्याच्या दहाव्याला म्हणून गेला, तो आजतागायत गेलेलाच आहे. तिसरा गोड बोलायचा. फोन केला की म्हणायचा, "वाटेतच आहे बाई." ती वाट कुठली, हे त्याचं त्यालाच ठाऊक. शेवटी शाळेतल्या शिपायाने तातोबा मान्यांचं नाव सांगितलं. म्हणाला, "बाई, माणूस सावकाश आहे, पण परत बोलवायची पाळी येत नाही."

ते आले ते बायकोला घेऊन. बिगारी वेगळा नव्हताच. मिस्त्री काम करायचे आणि मालन माल कालवून घमेलं डोक्यावरून जिन्याने वर न्यायची. प्रत्येक खेपेला वरच्या पायरीवर थांबून कमरेवर हात ठेवायची. कामाच्या पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी मला त्यांचा नियम सांगितला होता. एका वेळी एकच घर. ते संपल्याशिवाय दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकायचं नाही.

"का हो? बाकीचे तर चार-चार ठिकाणी काम धरतात."

"दोन घरं धरली की दोन्हीकडं खोटं बोलाय लागतंय बाई," ते म्हणाले. "मला ते जमत न्हाई. ध्यानातच ऱ्हात न्हाई, कुणाला काय सांगितलं ते."

चौथ्या दिवशी सकाळी ते आले. पाणी रेघेवर होतं, केसभर खाली, तेवढं तर हवेनंही जातं. खाली येऊन ते टेबलावर चढले आणि पालथा हात छतावर फिरवला. जुन्या ओलीचा तांबूस डाग तसाच होता. तो उन्हाळाभर सुकू द्या, मग रंग द्या, असं त्यांनीच सांगितलं होतं.

"कोरडं," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. "कुणी इचारलं तर सांगा बाई. आमची जाहिरात म्हंजी तुमचं तोंड."

विचारणारं होतंच. आमची बत्तीस बंगल्यांची कॉलनी. मधोमध एक हॉल, त्यावर पाण्याची मोठी टाकी, आणि टाकी सगळीकडून पाझरायची. हॉलच्या भिंतींना पोपडे सुटले होते. ते काम द्यायचं होतं, आणि कुणाला द्यायचं ते महिनाअखेरच्या रविवारी सभेत ठरणार होतं. मिस्त्रींनी अर्ज दिला होता. चहा पिता पिता ते माझ्याशी त्याविषयी बोलले होते.

"टाकी माझ्या हातनं झाली की बत्तीस घरांत वळख हुती. मग दोन गडी ठेवीन. मालनला घमेलं उचलाय लागायचं न्हाई. डॉक्टरनं सांगितलंय, कंबर पार गेली."

"मिळेल की. का नाही मिळणार?" मी म्हणाले, आणि ते मी मनापासून म्हणाले होते.

माझं दुसरं काम मिस्त्रींकडे राहिलं होतं: स्वयंपाकघर. जुना ओटा काढून नवा करायचा होता, भिंतीला टाइल्स लावायच्या होत्या. तेजश्रीचा साखरपुडा मे महिन्याच्या अखेरीस घरीच करायचा ठरला होता. मुलाकडचे पुण्याचे. त्या काळ्या, कडा उडालेल्या ओट्यावर त्यांच्या बायका हात ठेवतील, या विचारानेच मला कानकोंडं व्हायचं. पण दुकानदाराकडे टाइल्सचा माल आलेला नव्हता. तो म्हणाला, वीस दिवस लागतील. म्हणजे वीस दिवस मिस्त्री मोकळे.

त्याच संध्याकाळी शेजारच्या घोरपडे वहिनींनी कंपाउंडवरून हाक मारली.

"ओ खटावकर बाई, तुमचा मिस्त्री कसा आहे हो? आमची दोन्ही बाथरूमं आणि गच्ची करून घ्यायची म्हणते. मालक म्हणाले, चांगला असेल तर उद्याच बोलावू."

दोन बाथरूमं आणि गच्ची. माझ्या डोक्यात हिशेब झाला. दोन महिने. आणि मिस्त्रींचा तो नियम! एकदा का वहिनींच्या दारात त्यांची थापी टेकली, की माझा ओटा गेला जुलैत.

तशी मी खोटं बोलणारी बाई नव्हे. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं केलेलं आहे. वहिनींना सरळ सांगता आलं असतं, की माझा साखरपुड्याचा घोर आहे, महिनाभर थांबा. त्या थांबल्याही असत्या कदाचित. पण मला त्यांचे उपकार नको होते. म्हणून मी सुस्कारा टाकला.

"काम करतो हो बरं. पण काय सांगू वहिनी, गळतंय अजून."

"अगं बाई! नवी फरशी घालून?"

"तेच तर."

"बरं झालं विचारलं ते," वहिनी म्हणाल्या.

मी आत आले. साखरपुडा झाला की सांगू, थांबलं म्हणून, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कोणाचं काही बिघडत नव्हतं. वीस दिवसांचा तर प्रश्न होता.

बत्तीस घरांत बातमीला दोन दिवस पुरतात हे मला कळायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री दारात उभे. हातात टोपी.

"बाई, गळतंय म्हणं? मला सांगायचं की वो! लोकांच्या तोंडनं ऐकाय लागलं."

रागाने नाही, दुखावल्यासारखं म्हणाले. तेव्हाच मला म्हणता आलं असतं, "अहो, गंमत झाली." पण त्यांनी लगेच पुढचं विचारलं, "कुठंशी?" आणि माझं बोट आपोआप त्या जुन्या डागाकडे गेलं.

ते टेबलावर चढले. पालथा हात फिरवला. एकदा, दोनदा.

"कोरडं लागतंय."

"दुपारी कोरडंच असतं," मी म्हणाले. "सकाळी अंघोळी झाल्या की ओल धरते."

एका खोट्याच्या पोटात दुसरं तयारच असतं. ओढायचीही गरज पडत नाही.

"मग उद्या अंघोळी झाल्या की येतो," मिस्त्री म्हणाले. "आठाला."

दुसऱ्या दिवशी मी साडेसात वाजता टेबलाखाली उभी होते. वर बघत होते. अंघोळी झालेल्या होत्या आणि छत ठणठणीत कोरडं होतं. अर्ध्या तासात तो माणूस येणार, हात लावणार, आणि त्याला कळणार, की या बाईंनी माझ्याबद्दल गावभर खोटं सांगितलंय. मग तो वहिनींकडे जाणार. मग वहिनींना कळणार. मग कॉलनीला. माझ्या वर्गातल्या काही पोरांची घरं याच कॉलनीत होती.

मी कोळ्याची जाळी काढायचा लांब झाडू आणला. त्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं आणि छतावर दाबलं. डागाच्या मधोमध दाबलं, कडांना दाबलं. पाण्याचे थेंब माझ्या तोंडावर पडले.

"आई, काय करतेयस?"

तेजश्री जिन्यात उभी होती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"जाळं होतं."

"ओल्या फडक्यानं?"

तिने छताकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, आणि ती समजली. ती लहानपणापासून हुशार. त्या दिवशी ती मठ्ठ असती तर बरं झालं असतं.

मिस्त्री आठला आले. चपला काढल्या, टेबलावर चढले आणि हात लावला. हात तिथेच राहिला. मग त्यांनी बोटं नाकापाशी नेऊन वास घेतला. का, ते मला माहीत नाही. खाली उतरले ते टेबलाच्या कडेला धरून उतरले, म्हाताऱ्या माणसासारखे.

"गळतंय," ते म्हणाले.

"अहो, एवढं काही नाही. चालेल तसंच. तुम्ही ओटा तेवढा..."

"न्हाई बाई. असं सोडून न्हाई चालायचं. फोडतो."

"सगळं?"

"सगळं. माझ्या खर्चानं. तुमचा एक रुपाया नको."

मी आणखी दोनदा नको म्हणाले. तेवढंच जमलं मला.

दहा वाजता वर छिन्नी-हातोड्याचा आवाज सुरू झाला. बारा दिवसांपूर्वी त्यांनीच दोऱ्यात बसवलेली फरशी ते फोडत होते. मी खाली दहावीचे पेपर घेऊन बसले होते आणि प्रत्येक ठोक्याला माझ्या हातातलं लाल पेन थांबत होतं. मालन फोडलेल्या फरशीच्या राबिटाची घमेली खाली आणून टाकत होती. आता माल वर न्यायचा नव्हता, खाली आणायचा होता. तरी वरच्या पायरीवर ती थांबायचीच.

दुपारी मी चहा घेऊन वर गेले आणि दाराशीच थबकले. दोघं आत बोलत होती.

"खालचा कोबा कोरडा हाय. बघा की हात लावून," मालन म्हणत होती. "एक थेंब न्हाई. मग खाली वल गेली कुठनं?"

"तेच घावंना गं."

"गळतच नसंल तर?"

"मी हातानं बघितलं की."

"न्हाई, पर बाईंनी..."

"गप," मिस्त्री म्हणाले. "शाळंतल्या बाई हायत त्या. खोटं कशाला सांगतील? त्यास्नी काय मिळतंय त्यात? माझंच कायतरी चुकलंय. मला दिसंना, एवढंच."

चहाचे कप घेऊन मी खाली आले. ते परत गरम केले आणि पायरीवर पाय आपटत, खोकत वर गेले. मालनने कप घेतला तेव्हा तिने माझ्याकडे सरळ बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

संध्याकाळी ती दोघं गेल्यावर तेजश्री स्वयंपाकघरात आली.

"आई, तू सांगणार आहेस की मी सांगू?"

"काय सांगायचंय?"

"त्या बाईला जिना चढवत नाहीये."

"हे सगळं कुणासाठी चाललंय?" मी ओरडले. "तुझ्या सासरचे येणार म्हणूनच ना? त्या घाणेरड्या ओट्यावर ठेवू का त्यांच्यासमोर ताट?"

एवढं घाण अस्त्र मी तिच्यावर कधी वापरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती मावशीकडे साताऱ्याला निघून गेली ती आठ दिवसांनी आली, आणि आल्यावर तिने तो विषय काढला नाही. पुढे कधीच काढला नाही.

मिस्त्रींनी सगळं नव्याने केलं. विटांचे तुकडे, कोबा, फरशी. सांध्यांवर पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ घालवला. भिंतीत हातभर वरपर्यंत माल चढवला. मग बोळा, मातीचा गोळा, पाणी. या खेपेला तीन नाही, पाच दिवस ठेवलं, आणि रोज सकाळी आठला येऊन छताला हात लावून गेले. मी झाडू माळ्यावर टाकून दिला होता.

पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "आता कसं हाय बाई?"

"आता नाही गळत."

त्यांनी मला हात जोडले.

रविवारची सभा हॉलमध्ये होती. निकम साहेब अध्यक्ष, एस.टी.तून रिटायर झालेले, सरळ माणूस. तीन जणांनी टाकीसाठी अर्ज दिले होते. साताऱ्याच्या एका कंत्राटदाराचा माणूस ब्रीफकेस घेऊन बसला होता. मिस्त्री मागे भिंतीला टेकून उभे होते. धुतलेला सदरा घातलेला. मी दुसऱ्या रांगेत, वहिनींच्या शेजारी.

"तातोबा माने," निकम साहेब म्हणाले. "आम्हाला खरं म्हणजे गावातलाच माणूस हवा होता. चौकशीही केली. सगळीकडून चांगलंच ऐकलं. फक्त ते खटावकर बाईंकडचं कानावर आलं. त्याचं काय झालं?"

"थांबलं ना हो आता?" वहिनींनी मला कोपराने डिवचलं. त्या बिचाऱ्या चांगल्या हेतूनेच विचारत होत्या. मी मान हलवली आणि उठायला लागले. मी शपथेवर सांगते, मी उठायला लागले होते. काय बोलणार होते ते ठरलेलं नव्हतं, पण काहीतरी बोलले असते. तेवढ्यात मिस्त्रीच पुढे आले.

"साहेब, मी सांगतो. गळत व्हतं. माझ्या हातानं वल बघितली. समदं फोडून परत केलं, आता थांबलंय. पर कशानं गळत व्हतं ते मला अजून घावलेलं न्हाई." ते थांबले. टोपी हातात फिरवली. "खालचा कोबा कोरडा व्हता. मग पाणी गेलं कुठनं? ते कळत न्हाई तवर एवढ्या मोठ्या टाकीला हात लावणं बरं न्हाई साहेब. बत्तीस घरांचं पाणी हाय. मी माझा अर्ज माघारी घेतो."

हॉलमध्ये कुजबूज झाली. कुणीतरी म्हणालं, "माणूस प्रामाणिक आहे हो."

"प्रामाणिक आहे, पण मग काम कसं द्यायचं?" दुसरं कुणी म्हणालं.

निकम साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्हाला काही सांगायचंय का? तुम्ही उठत होतात."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मिस्त्रीही माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत मला जाब नव्हता. ओट्याचं काम काढून न घेता मी त्यांना सांभाळून घेतलं म्हणून उलट कृतज्ञताच होती. आपल्या हातावरचा विश्वास त्या माणसाने माझ्या शब्दापायी मोडून टाकला होता. दोन वाक्यं पुरली असती. ती माझ्या जिभेवर आली, आणि मला समोरच्या रांगेत माझ्या वर्गातल्या दोन पोरांचे आईबाप दिसले.

"आता ठीक आहे," मी म्हणाले. आणि खाली बसले.

काम साताऱ्याच्या माणसाला गेलं.

स्वयंपाकघराचा माल आला आणि मिस्त्रींनी ओटा करून दिला. सांगितलेल्या दिवशी, सांगितल्याप्रमाणे. साखरपुडा झाला. मुलाच्या आत्याने ओट्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "मिस्त्री कुठला हो? फार सुरेख काम आहे." मी नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना आणि मालनला जेवायला बोलावलं. मालन आली नाही. मिस्त्री एकटे आले, जेवले आणि निघताना म्हणाले, "दुसरं कुणी असतं तर परत दारात उभं केलं नसतं. तुम्ही वट्याचं काम दिलंसा. इसरणार न्हाई बाई."

मी त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला. माझी लाज तेवढ्याच आकाराची होती त्या वेळी, पुड्यात मावेल एवढी. ती पुढे वाढत गेली.

दोन वर्षांनी आमची गच्ची गळायला लागली. या खेपेला खरोखरच. मी सुट्टीच्या दुपारी मिस्त्रींना फोन केला. मागे मोठं यंत्र चालल्याचा आवाज येत होता.

"वलीचं, गळतीचं काम सोडलं बाई," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. आता हितं कारखान्याच्या साइटवर हाय, रोजंदारीनं. मालन बी हाय."

"का सोडलंत?"

"हातावर भरवसा ऱ्हायला न्हाई. कुणाच्याबी घरात गेलो तरी काम झाल्यावर रोज सकाळी जाऊन छताला हात लावायचो. महिना महिना. लोक हसाय लागले." ते स्वतःही हसले. "पर तुमची अडचण हाय तर एक नाव सांगतो. ओगलेवाडीचा शिवलिंग म्हणून हाय. माझ्याच हाताखाली शिकलाय. भरवशाचा माणूस. लिहून घ्या नंबर."

मी पेन घेतलं. ते नंबर सांगायला लागले. मागून मालनचा आवाज आला, कुणी तरी घमेलं भरून ठेवा म्हणत होती.

"मिस्त्री," मी म्हणाले.

"बोला की बाई."

यंत्र मध्येच थांबलं. त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. ते वाट बघत होते.

"शेवटचे चार आकडे परत सांगा," मी म्हणाले.

त्यांनी ते सांगितले, एकेक करून, सावकाश. मी लिहून घेतले.